टेकाडावरचा पांढरा दगड

तात्या टेकाड चढून आले तेव्हा त्यांच्या तळहातावर माझा बॉल होता. मागं शेळ्या, खांद्यावर घोंगडं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"भाऊ, हे तुमचंच हाय का? माझ्या म्होरं दोन हातावर पडलं. तुम्ही कुणीकडं मारायलाव, तेच दिसंना."

दिसत मलाही नव्हतं. गोल्फचा बॉल जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण आठ नंबरच्या आयर्ननं, म्हणजे लोखंडी काठीनं, नीट बसला की ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगानं सुटतो. टेकाडाच्या अलीकडून मी मारला होता, पलीकडे म्हातारा माणूस बोरीखाली बसलाय याची मला गंधवार्ता नव्हती. त्या दिवशी मी पुढं खेळलो नाही. तात्यांना घरी नेलं, चहा पाजला. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली: जे दिसत नाही तिकडं मारायचं असेल, तर मारणाऱ्याला काही खूण द्यावी की नाही?

आधी आमचं मैदान कसं आहे ते सांगतो. बालाघाटाच्या पठारावर, अंबाजोगाईपासून फार लांब नाही असं आमचं गाव. घरच्या रानात आठ एकरांचा मुरमाड तुकडा आहे. सोयाबीन पेरलं तर बियाणाचेही पैसे निघत नाहीत, म्हणून वडिलांनीच तो पडीक सोडलेला. पुण्यात नोकरीत असताना मी गोल्फ शिकलो. नोकरी सोडून गावी आल्यावर मेजर आणि मी मिळून त्या माळावर चार होल तयार केले. होल म्हणजे बॉल घालायचं भोक, आणि तिथवर खेळत जायचा टप्पाही. मेजर म्हणजे खरं तर निवृत्त हवालदार, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. त्यांनी छावण्यांतल्या गोल्फ मैदानांची वर्षानुवर्षं निगा राखलेली. गवताला पाणी नसेल तिथं भोकाभोवतीच्या हिरव्या ग्रीनऐवजी वाळूचं ब्राउन कसं करतात, ते फळीनं ओढून सपाट कसं ठेवतात, हे सगळं त्यांच्या हातात आहे. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, हे माप १८९१ साली ठरलं. ड्रिपच्या मेन लाइनचा ११० चा पाइप जवळजवळ तेवढाच असतो. त्याचे चार तुकडे कापून आम्ही जमिनीत पुरले. झालं मैदान.

तिसरा होल दीडशे यार्डांचा. मध्ये टेकाड. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभं राहिलं की समोर कुसळी गवत, तरवडाची झुडपं आणि वर आभाळ. ब्राउन पलीकडच्या खळग्यात. गोल्फवाले याला ब्लाइंड शॉट म्हणतात.

आम्ही तो मुद्दाम आखला नव्हता, जमीनच तशी होती. आणि हा खेळ मुळात असाच सुरू झाला. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्या होत्या, त्यांना हलवायला कुणाकडं यंत्रं नव्हती, मग टेकडी आली की तिच्यावरून मारायचं. प्रेस्टविकला १८५१ साली १२ होलचं मैदान झालं. १८६० मध्ये पहिली ओपन स्पर्धा तिथंच भरली, आठ खेळाडू आणि एका दिवसात तीन फेऱ्या. त्या मैदानावरचा 'आल्प्स' नावाचा होल आजही खेळतात: दुसरा शॉट थेट मोठ्या टेकडीवरून, ग्रीनच्या पुढं 'सहारा' नावाचा प्रचंड बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आणि मारणाऱ्याला यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. तिथंच 'हिमालयाज' नावाचा दुसरा होल आहे, तोही टेकडीपलीकडचा. आपल्या हिमालयाचं नाव एका वाळूच्या ढिगाला दिलेलं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गंमत वाटली होती. आता आमच्या टेकाडापुढं उभं राहतो तेव्हा ते नाव पटतं. डोंगराची उंची महत्त्वाची नसते, पलीकडचं दिसत नाही एवढं पुरतं.

तर त्या हिमालयाजवर टेकडीच्या अंगावर रंगीत चकत्या बसवल्या आहेत. ज्या टीवरून खेळायचं तिच्या रंगाची चकती बघायची आणि तिच्यावरून मारायचं. खेळून झालं की मागच्यांना कळावं म्हणून घंटा वाजवायची. म्हणजे जिथं आंधळ्या फटक्याची परंपरा सगळ्यात जुनी, तिथल्याच लोकांनी खुणा लावल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. खूण ही आळशी नव्या जमान्याची सोय आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा तरी या चकत्यांचा विचार करावा.

असं म्हणणारा एक माझा जवळचा मित्र आहे, पुण्यातला, माझ्यापेक्षा खूप चांगला खेळणारा. तो गावी आला होता तेव्हा तिसऱ्या टीवर उभा राहून म्हणाला, "इथं काही लावू नकोस. सगळं दाखवायचंच असेल तर टेकाडच काढून टाक ना, जेसीबी गावात आहेच." त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. विसाव्या शतकात माती हलवायची मोठी यंत्रं आली आणि मैदानं आखणाऱ्यांनी खरोखरच टेकड्या सपाट केल्या. खेळाडूला सगळं दिसलं पाहिजे हा दंडक झाला. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल मैदान आखणारे ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी १९२० सालीच लिहून ठेवलं होतं की ग्रीनकडं मारायच्या फटक्यांत आंधळेपणा कमीत कमी असावा. इंग्लंडात सँडविचच्या मैदानावरचा 'मेडन' हा होल तर आधी एका उंच टेकडीवरून खेळत, पुढं तो फिरवून नजरेसमोर आणला. मित्राचं दुःख खरं आहे. दिसत नसताना मारणं, मग चालत जाणं, टेकडीच्या माथ्यावरून पलीकडं डोकावणं, या खेळातला तो सगळ्यात सुंदर क्षण आहे. बॉल चिकटून पडलाय की बाभळीत गेलाय हे त्या एका पावलावर कळतं.

पण खूण लावली की तो क्षण जातो, हे मला मान्य नाही. कारण तो मी खुणेसकट जगलो आहे.

कंपनीनं मला काही महिने आयर्लंडात लिमरिकला पाठवलं होतं. तिथल्या एका सहकाऱ्यानं पाहुणा म्हणून लहिंचला नेलं. अटलांटिकच्या काठी, १८९२ साली स्थापन झालेला क्लब. मैदानात शेळ्या मोकळ्या फिरतात. त्या क्लबहाऊसजवळ येऊन थांबल्या की पाऊस येणार असं तिथले लोक मानतात. शेळ्या बघून मला घरची आठवण आली, हे सांगायला नको. चौथा होल 'क्लोंडाइक'. समोर भली मोठी टेकडी, आणि टेकडीच्या माथ्यावर चक्क एक माणूस झेंडा घेऊन उभा. पलीकडं दुसऱ्या होलचा फेअरवे, म्हणजे गवत कापलेला खेळायचा पट्टा, आडवा जातो, तिथं कुणी नाही असं बघून तो इशारा करतो, मग मारायचं. आणि लगेच पाचवा, 'डेल'. दीडशे यार्डांच्या आसपासचा. पुढं एक टेकडी, मागं एक टेकडी, दोन्हींच्या मध्ये चिंचोळ्या खळग्यात ग्रीन. टीवरून ग्रीन नाही, झेंडा नाही. पुढच्या टेकडीच्या उतारावर फक्त एक पांढरा दगड.

"आज होल त्या दगडाच्या रेषेत आहे," सहकारी म्हणाला. रोज होलची जागा बदलली की मैदान सांभाळणारी माणसं तो दगडही हलवतात.

मी बराच वेळ त्या दगडाकडं बघत राहिलो. सकाळी कुणीतरी उठून, दव तुडवत तिथं गेलं होतं. आज त्या उतारावरून येणाऱ्या, आपण कधी न पाहिलेल्या माणसासाठी त्यानं एक दगड उचलून चार पावलं उजवीकडं ठेवला होता. मी मारलं. बॉल दगडावरून गेला आणि दिसेनासा झाला. पुढं जे चालणं झालं ते अजून पायांत आहे. धडधड काही कमी झाली नव्हती. दगडानं मला दिशा सांगितली होती, निकाल सांगितला नव्हता. माथ्यावर पोचलो तेव्हा बॉल ग्रीनच्या मागच्या उतारावरून हळूहळू खाली येऊन होलपासून वीसेक फुटांवर थांबलेला. मॅकेन्झींनी १९२७ मध्ये त्या मैदानाची फेरआखणी केली, पण हे दोन होल तसेच राहिले. फार बरं झालं.

याच्या उलट अनुभवही आहे. आपल्याच देशातल्या एका डोंगराळ मैदानावर, नाव सांगत नाही, मला असाच एक आंधळा टी-शॉट मारायला लावला. खूण नव्हती. विचारलं तर यजमान म्हणाले, "मारा हो सरळ." मी सरळ मारला, आयुष्यातला एक चांगला शॉट. माथ्यावर गेलो तर पलीकडं फेअरवे डावीकडं वळलेला आणि सरळ रेषेत खोल दरी. नियमाप्रमाणं तीन मिनिटं शोधायचं, शोधलं, मिळाला नाही. बाकीचे तिघे अर्थातच डावीकडं मारून सुरक्षित होते. गोल्फवाल्यांत एक जुनं वाक्य फिरतं, की होल फक्त पहिल्यांदा आंधळा असतो, नंतर आठवण असते. त्या दिवशी मला कळलं की हे वाक्य कायम ज्याला आठवण आहे तोच बोलतो. पहिल्यांदा येणाऱ्याला ती एकच वेळ असते.

शाळेच्या सहलीत देवगिरीला गेलो होतो ती अंधारी मला तेव्हा आठवली. खंदक ओलांडून गेलं की डोंगराच्या पोटातून वर जाणारा तो वळणावळणाचा काळोखी रस्ता. गाईडनं पलिता विझवला तशी चाळीस पोरं एकदम गप्प झाली. वटवाघळांचा वास, ओला दगड, पुढच्याचा सदरा घट्ट धरलेला. मग त्यानं पलिता पेटवून समजावलं की पाय कुठं घसरवायचा, धूर कुठून कोंडायचा, आत शिरलेल्याची दिशा कशी चुकवायची. किल्ल्याचं ते शहाणपण थक्क करणारं आहे. पण ती अंधारी शत्रूसाठी कोरलेली होती. किल्ल्यातल्या माणसाला रस्ता ठाऊक, येणाऱ्याला नाही, यातच तिची सगळी ताकद. गोल्फच्या टीवर उभा राहणारा परका माणूस शत्रू नाही. तो पाहुणा आहे. त्याला ठाऊक नाही या गोष्टीवर आपण होल जिंकायचा, हे मला किल्ल्यात शोभतं, माळावर शोभत नाही.

मेजरचं मत वेगळं होतं. खूण नको, माणूस हवा. त्यांच्या फौजी मैदानांवर आगेवाला असायचा, पुढं जाऊन उभा राहणारा कॅडी. बॉल कुठं पडला ते बघायचा, पलीकडं कुणी असेल तर हात वर करायचा. खेळाच्या नियमांतही हे बसतं: रेषा दाखवायला माणूस उभा राहू शकतो, फक्त फटका मारायच्या आत त्यानं बाजूला व्हायचं. "दगडाला डोळे नसतात," मेजर म्हणाले. तात्यांच्या प्रसंगानंतर यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. स्कॉटलंडात एली नावाच्या गावात पहिल्या टीपुढं टेकडी आहे, तर तिथं स्टार्टरच्या, म्हणजे खेळाडूंना पाळीनं सोडणाऱ्याच्या, खोलीत एका पाणबुडीचा जुना पेरिस्कोप बसवला आहे. त्यातून पलीकडं बघायचं, मोकळं असेल तर पुढच्यांना सोडायचं. इतका सगळा आटापिटा माणसांनी केला तो काही खेळ सोपा करायला नाही, पलीकडं असणाऱ्याची काळजी म्हणून.

तेव्हा दोन कामं वेगळी आहेत हे आमच्या लक्षात आलं. पलीकडं कुणी आहे का, हे सांगायला आवाज हवा. कुठं मारायचं, हे सांगायला खूण हवी. पहिलं काम सोपं निघालं. गावच्या शाळेत पूर्वी घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा एका घरी पडून होता, तो मागून आणला आणि पलीकडच्या बाभळीला तारेनं टांगला. होल झाला की दोन टोले. आणि टोला ऐकल्याशिवाय मारायचं नाही. शेळ्या तिकडं आल्या तर तात्याही एक लांब टोला देतात, म्हणजे थांबा.

खुणेनं मात्र चांगलंच दमवलं. आधी टेकाडावर वेळू रोवून केशरी कापड बांधलं. लांबून छान दिसायचं. तिसऱ्या दिवशी खुरपायला जाणाऱ्या दोघी बायका त्याला हात जोडून गेल्या. आठवड्यानं बुडाशी उदबत्तीची राख आणि नारळाची करवंटी. कुणाच्या श्रद्धेशी खेळायचं नाही, म्हणून वेळू काढला, तोही संध्याकाळी, नीट नमस्कार करून. दुसरा रंग लावावा म्हटलं तर गावात एकही रंग मोकळा नाही. केशरी, हिरवा, निळा, प्रत्येकाचा अर्थ लागतो.

मग लहिंचचा दगड आठवला. नदीतला एक गोटा आणून चुन्यानं रंगवला आणि माथ्यावर ठेवला. दुसऱ्याच सकाळी शेजारचे काका बांधावर हजर.

"भाऊ, मोजणी कधी आणली?"

माझ्या आधी लक्षातच आलं नाही. टेकाडाच्या पलीकडून त्यांची हद्द लागते. हद्दीच्या दगडावरून दोन पिढ्या तारखा केलेली घरं आमच्या शिवारात आहेत. अशा ठिकाणी पांढरा दगड म्हणजे काय असतं ते मला कळायला हवं होतं. मी तो त्यांच्यादेखत उचलला, चार पावलं डावीकडं ठेवला, पुन्हा उचलून उजवीकडं ठेवला. "काका, हद्दीचा दगड हलत नसतो. हा रोज हलणार. ज्या दिवशी एका जागी राहील त्या दिवशी मला विचारा." ते बराच वेळ बघत राहिले. मग स्वतः उचलून वजन बघितलं आणि गेले.

तो दगड हलवण्यातच खरी विद्या आहे. एकाच जागी पक्का खांब रोवला तर तो एकाच ताकदीच्या माणसाला उपयोगी पडतो, एकाच टीवरून. स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलला हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून मारावं लागतं, आणि त्या शेडवर हॉटेलचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. खेळाडू आपापल्या कुवतीप्रमाणं त्यातलं अक्षर निवडतात. जास्त धाडस करायचं तर उजवीकडचं, जपून खेळायचं तर डावीकडचं. एकच भिंत, पण ती हुकूम देत नाही. खूण अशी असावी.

हे मला खरं तर वडिलांनी फार आधी शिकवलं होतं. पेरणीला तिफण धरली की पहिलं तास तेच काढायचे. समोरच्या बांधावर मला काठी घेऊन पाठवायचे, काठीला धोतराची पांढरी चिंधी. "हलू नको," म्हणायचे. बैलांच्या पायांकडं नाही, फणांकडं नाही, नजर त्या चिंधीवर. मी आठ-नऊ वर्षांचा, उन्हात उभा, आणि माझ्याकडं बघत बघत सरळ येणारे वडील. पहिलं तास लागलं की काठी काढून टाकायची, मग तासाला तास धरून अख्खं वावर निघायचं. चिंधी बघून पेरलं म्हणून पेरणारा कच्चा, असं आमच्याकडं कुणी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता दगड तात्या हलवतात. मी सांगितलं नव्हतं. सकाळी शेळ्या घेऊन तेच आधी जातात. मेजरनी पाइप कुठं पुरलाय ते बघतात आणि माथ्यावर येऊन दगड ठेवतात. गोल्फ ते खेळत नाहीत, गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही.

गेल्या रविवारी टीवर उभा राहिलो तर दगड भलताच डावीकडं. होल त्या दिवशी मधोमध होता, मेजरनी माझ्यासमोरच वाळू ओढली होती. वाटलं शेळीनं ढकलला असेल. हाक मारून विचारलं. तात्या माथ्यावरूनच म्हणाले, "बराबर हाय. कालच्या पावसानं डाव्या अंगाला माती वाहून आलीया. तिथं टाकलं की आपसूक खाली येतंय. मी खडे टाकून बघितलंय."

होलची जागा नव्हे, होलकडं जायची वाट त्यांनी दाखवली होती. इतकी वर्षं खेळून हे मला सुचलं नव्हतं. मी पायांची जागा बदलली, दगडावर नजर लावली आणि मारला. बॉल दगडावरून गेला. पलीकडं काहीच आवाज नाही.

तात्या खाली वाकून बघत होते. त्यांना दिसत होतं. "सांगू का कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"नका सांगू," मी म्हणालो आणि टेकाड चढायला लागलो.